वालचंदांचा कारखाना आणि दीड हजार विमानांची रांग

2025च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याला विमानसेवा सुरू झाली. विमानतळाच्या आड येणारे सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याचे धुराडे त्यासाठी 2023मध्ये पाडले गेले होते आणि त्यावरून शहरात दीर्घकाळ वाद चालला होता. त्यामुळे विमान उतरले तेव्हा सोलापूरकरांना त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक होते. फ्लाय 91 या गोव्याच्या कंपनीचे ते एटीआर 72 जातीचे विमान. या जातीच्या विमानांचा सांगाडा इटलीत बनतो, पंख फ्रान्समध्ये बोर्दोजवळ बनतात, इंजिने कॅनडातल्या कंपनीची असतात आणि सगळ्याची जुळणी तुलूझ शहरात होते. ज्या गावात हे विमान उतरले, त्याच गावात 1882मध्ये वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला होता, आणि भारतातला पहिला विमान कारखाना उभा केला तो त्यांनीच.

1939मध्ये अमेरिकेहून निघालेल्या एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी गाठ पडली. पुढच्या वर्षी, 23 डिसेंबर 1940 रोजी, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली आणि 1941च्या ऑगस्टमध्ये तिथे जुळवलेले पहिले शिकाऊ विमान उडाले. जहाज, मोटार आणि विमान या तिन्ही गोष्टी इथेच बनल्या पाहिजेत, हा वालचंदांचा आग्रह होता. युद्धाच्या धामधुमीत 1942मध्ये ब्रिटिश सरकारने कारखान्याचा ताबा घेतला आणि पुढे तिथे प्रामुख्याने अमेरिकी लष्करी विमानांची दुरुस्ती झाली. स्वातंत्र्यानंतर त्यातूनच आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स उभी राहिली. म्हणजे विमाननिर्मितीची सुरुवात आपण ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीच्या जन्माआधी जवळजवळ तीस वर्षे केली होती. तरीही आज एम्ब्राएरची प्रवासी विमाने जगभर उडतात, आणि आपण मात्र जगातल्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक म्हणून ओळखले जातो. या फरकाचे कारण नीट समजून घेतल्याशिवाय विमानखरेदीच्या बातम्यांनी हुरळून जाणे मला धोक्याचे वाटते.

बातम्या खरोखरच मोठ्या आहेत. एअर इंडियाने 2023च्या फेब्रुवारीत 470 विमानांची खरेदी जाहीर केली, त्यांतली 250 एअरबसची आणि 220 बोइंगची. त्यानंतर चारच महिन्यांनी इंडिगोने पॅरिसच्या प्रदर्शनात एकदम 500 एअरबस विमानांची मागणी नोंदवली. एका कंपनीने एका वेळी नोंदवलेली ती तोवरची सर्वांत मोठी मागणी होती. 2024च्या जानेवारीत अकासाने 150 बोइंग विमाने मागवली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एअर इंडियाने आणखी 100 एअरबस विमानांची भर घातली. आज भारतीय कंपन्यांची दीड हजारांहून अधिक विमाने यायची बाकी आहेत, आणि देशात सध्या असलेल्या एकूण प्रवासी विमानांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या 2024मध्ये 16 कोटींवर गेली. दरडोई प्रवास अजूनही इतका कमी आहे की, उत्पन्न वाढत गेले तर ही संख्या पुढची वीस वर्षे वाढत राहील, हे मानायला जागा आहे.

पण नोंदवलेली विमाने आणि खरी मागणी या दोन गोष्टी एक समजणे चुकीचे आहे, आणि हे मुंबईकरांना तरी वेगळे सांगायला नको. किंगफिशरने 2005मध्ये पाच एअरबस ए380 विमाने मागवली होती, त्यांतले एकही कधी आले नाही. जेट एअरवेजच्या नावावर बोइंगच्या 737 मॅक्स जातीची 225 विमाने नोंदलेली होती आणि 2019च्या एप्रिलमध्ये तीच कंपनी बंद पडली. गो फर्स्टने 144 एअरबस विमाने मागवली होती, पण 2023च्या मे महिन्यात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. विमाने बनवणारे आपले अंदाज जाहीर करतात, तेही अखेर विक्रेत्याचेच अंदाज असतात. ए380ची आखणी करताना तेवढ्या आकाराची हजाराहून अधिक विमाने वीस वर्षांत लागतील असे एअरबसला वाटले होते. प्रत्यक्षात 251 बनली आणि 2021मध्ये शेवटचे विमान देऊन उत्पादन थांबवावे लागले. म्हणून पुढच्या दोन दशकांत जगाला चाळीस हजारांहून अधिक विमाने लागतील, हे दोन्ही कंपन्यांचे भाकीत दिशा सांगणारे आहे एवढेच मी धरतो. त्यावर देशाचे धोरण बेतावे इतका भरवसा त्याच्यावर ठेवता येत नाही.

सध्या खरी अडचण आहे ती विमाने बनण्याच्या वेगाची. बोइंगने 2018मध्ये 806 विमाने ग्राहकांना सोपवली होती. 2024मध्ये हा आकडा 348 वर आला आणि 2025मध्ये 600 पर्यंत सावरला. एअरबसने 2019मध्ये 863 विमाने दिली, तो टप्पा तिला 2025मध्येही गाठता आला नाही. त्या वर्षी 793 झाली. 2024च्या अखेरीस दोन्ही कंपन्यांकडे मिळून चौदा हजारांहून अधिक विमाने द्यायची शिल्लक होती. त्या वर्षाच्या वेगाने ती पुरी करायला बारा-तेरा वर्षे लागली असती. जगात इतर कोणत्या धंद्यात ग्राहक पैसे घेऊन दहा-दहा वर्षे दारात उभा राहतो आणि तरीही दुसरा दुकानदार पुढे येत नाही?

बोइंगच्या घसरणीचे कारण तिच्या कारभारातच होते. 737 मॅक्सचे दोन अपघात झाले, एक 2018च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि दुसरा 2019च्या मार्चमध्ये इथिओपियात. त्यांत मिळून 346 माणसे गेली आणि ती जात जवळजवळ वीस महिने जमिनीवर राहिली. त्यातून कंपनी सावरत असताना 2024च्या 5 जानेवारीला अलास्का एअरलाइन्सच्या एका विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग उडत्या विमानातून निखळला. तो धरून ठेवणारे बोल्ट कारखान्यातच बसवायचे राहून गेले होते. अमेरिकी नियामकाने मग महिन्याला 38 पेक्षा जास्त मॅक्स बनवायला मनाई केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून यंत्रकामगारांचा संप सात आठवड्यांहून अधिक चालला. अनुभवी कामगार करोनाच्या काळात घरी पाठवले गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसांना हात बसायला वेळ लागतो, ही साधी गोष्ट ताळेबंद पाहणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती.

एअरबसची अडचण निराळी आहे, आणि आपल्या दृष्टीने तीच जास्त शिकण्यासारखी आहे. 2025च्या मध्यावर तिच्याकडे जवळजवळ साठ विमाने सर्व बाजूंनी तयार होऊन उभी होती, फक्त त्यांना लावायला इंजिने नव्हती. कारखान्यातली माणसे अशा विमानांना ग्लायडर म्हणतात. इंजिनाच्या गाभ्यातली टर्बाइनची पाती ज्या तापमानात फिरतात त्या तापमानाला त्यांचा स्वतःचा धातू वितळू शकतो. म्हणून एकाच स्फटिकाची पाती ओतायची, त्यांत केसाएवढ्या वाटा ठेवून थंड हवा खेळवायची आणि वरून चिनी मातीसारखा लेप द्यायचा, हे काम करू शकणाऱ्या ओतशाळा जगात मोजक्या आहेत. मोठे घडीव भाग बनवणारे घण-दाबयंत्रांचे कारखानेही तसेच मोजके आहेत. यांतला एक कारखाना मागे पडला की सगळी रांग थांबते. 2025च्या फेब्रुवारीत अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ विमानांचे बोल्ट आणि खिळे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली, तर त्याची चिंता दोन्ही बड्या कंपन्यांना करावी लागली.

या कमतरतेची झळ आपण प्रत्यक्ष सोसली आहे. प्रॅट अँड व्हिटनीच्या ज्या इंजिनावर इंडिगोची आणि गो फर्स्टची बरीच विमाने चालत, त्याच्या पाती धरून फिरणाऱ्या चकत्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या जातात. 2015च्या अखेरीपासून 2021पर्यंत बनलेल्या काही भुकटीत दोष असल्याचे 2023च्या जुलैमध्ये जाहीर झाले. एकेक इंजिन उतरवून, उघडून, तपासून परत बसवायला अडीचशे ते तीनशे दिवस लागत होते. इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने एका वेळी जमिनीवर उभी होती. त्याआधीच बंद पडलेल्या गो फर्स्टनेही आपल्या दिवाळखोरीचे कारण म्हणून वेळेवर न मिळालेल्या इंजिनांकडेच बोट दाखवले होते. तिच्या व्यवस्थापनाचे दोष काय असतील ते असोत. ज्या देशात शेकडो विमाने आहेत त्या देशात त्यांची इंजिने पूर्णपणे उघडून बांधायची सोय नव्हती, ती इंजिने परदेशी कार्यशाळांच्या रांगेत ठेवावी लागत होती आणि त्या रांगेत आपला नंबर केव्हा लागेल हे दुसरे ठरवत होते, ही वस्तुस्थिती उरतेच. आपण मोठे ग्राहक आहोत म्हणून कोणी आपल्याला पुढे घेतले नाही.

मालवाहू विमानांची गोष्ट याच गाठीला बांधलेली आहे. जगातला हवाई माल साधारण निम्मा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. 2020मध्ये प्रवासी विमाने बंद झाली तेव्हा ही जागा एका रात्रीत नाहीशी झाली आणि भाडी कडाडली. अमेरिकेला जाणारा हापूस वाशी किंवा लासलगावच्या केंद्रात विकिरणाची प्रक्रिया करून विमानाने जातो. झाडावरून उतरल्यावर त्याच्या हाती फार थोडे दिवस असतात आणि फळाच्या किमतीत विमानभाड्याचा वाटा मोठा असतो. त्यामुळे विमानात जागा आहे की नाही, हा रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराच्या दृष्टीने थेट उत्पन्नाचा प्रश्न आहे. खास मालासाठी बांधलेली नवी विमाने आता थोडीच बनतात. बोइंगच्या 767 आणि 777 या जुन्या मालवाहू विमानांच्या उत्पादनाची मुदत कार्बन उत्सर्जनाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेमुळे संपत आली आहे, आणि त्यांची जागा घेणारी नवी मॉडेले मागे पडली आहेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या ब्लू डार्टची बोइंग 757 विमाने ज्या जातीची आहेत, तिचे उत्पादन 2004मध्येच थांबले.

बाकीची गरज भागते ती जुनी प्रवासी विमाने मालवाहू करून. आसने काढायची, जमीन मजबूत करायची, खिडक्या बुजवायच्या आणि अंगाला मोठे दार कापून बसवायचे. या कामाला कुशल हात, मोठी छपरे आणि आराखड्याची मंजुरी लागते; नवे विमान शून्यातून रचावे लागत नाही. हे काम भारतात वाढावे असे मला फार वाटते. हैदराबादला त्याची सुरुवात करण्याचा करार 2023मध्ये झालाही आहे. पण नवी विमाने उशिरा येत असल्यामुळे जुनी निवृत्त होत नाहीत आणि रूपांतरासाठी विमानेच मिळत नाहीत, इतका हा सगळा व्यवहार एकमेकांत गुंतलेला आहे.

अशा स्थितीत आपल्याकडे राजकारण्यांना आणि वृत्तपत्रांना भुरळ पडते ती जुळणीच्या कारखान्याची. सी-295 या लष्करी मालवाहू विमानाचा टाटा आणि एअरबसचा प्रकल्प नागपूरला येणार अशी आशा होती. 2022च्या ऑक्टोबरात त्याची पायाभरणी वडोदऱ्याला झाली आणि महाराष्ट्रात वादळ उठले. रोजगार गेल्याचे दुःख खरे होते, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही, की 56 पैकी जी 40 विमाने इथे जुळवली जाणार आहेत त्यांची इंजिने कोणाची, आराखड्यावर हक्क कोणाचा, आणि एकेचाळिसावे विमान बनवायचे तर परवानगी कोणाची लागेल. जुळणीच्या शेडमध्ये होणारे काम डोळ्यांना दिपवते, पण विमानाच्या एकूण किमतीतला तो लहानसा हिस्सा असतो. चीनमध्ये तिआनजिनला एअरबसची जुळणी 2008पासून चालू आहे. तरीही चीनचे स्वतःचे सी919 हे विमान आजही अमेरिकी-फ्रेंच इंजिनावर उडते आणि 2025मध्ये अमेरिकेने त्या इंजिनांची निर्यात काही आठवडे रोखून धरली, तेव्हा चीनजवळ स्वतःचे तयार पर्यायी इंजिन नव्हते.

भाग बनवत बनवत एक दिवस आपण आपोआप विमान बनवू लागू, ही दुसरी समजूत आहे, आणि ती तपासून पाहायची तर जपानकडे पाहावे. बोइंगच्या 787 विमानाच्या रचनेचा सुमारे 35 टक्के भाग जपानी कंपन्या बनवतात. त्याचे पंख नागोयात मित्सुबिशी बनवते. पंख हा विमानाचा सर्वांत अवघड अवयव. ते काम निर्दोष करणाऱ्या त्याच मित्सुबिशीने 2008मध्ये स्वतःच्या छोट्या जेट विमानाची घोषणा केली. 2013मध्ये पहिले विमान द्यायचे ठरले होते, ते 2015च्या नोव्हेंबरात नुसते उडाले. प्रमाणपत्रासाठी तपासणी सुरू झाल्यावर विमानातल्या तारांची सगळी मांडणी पुन्हा करावी लागली, मुदत सहा वेळा पुढे ढकलली गेली आणि 2023च्या फेब्रुवारीत प्रकल्प गुंडाळला गेला. जपानने याआधीचे प्रवासी विमान 1960च्या दशकात बनवले होते. मधल्या काळात आराखडा तपासून, त्यातली प्रत्येक शक्य चूक शोधून, कागदोपत्री सिद्ध करून घेणारी माणसे निवृत्त झाली होती, कंपनीतही आणि सरकारी नियामकाकडेही. पैसा होता, शिस्त होती, धातुशास्त्र होते. विमान सुरक्षित आहे हे जगाला पटेल अशा रीतीने सिद्ध करण्याची परंपरा मात्र तुटली होती, आणि ती विकत मिळत नाही.

ब्राझीलने नेमकी हीच परंपरा आधी उभी केली. 1950मध्ये साओ जोसे दोस कॅम्पोस या गावात वैमानिकी अभियांत्रिकीची संस्था निघाली, शेजारी संशोधन केंद्र आले, तिथून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी बांडेरांते हे छोटे प्रवासी विमान रचले आणि ते 1968मध्ये उडाल्यावर मग 1969मध्ये एम्ब्राएर कंपनी स्थापन झाली. म्हणजे कारखान्याच्या आधी एकोणीस वर्षे शाळा होती. एम्ब्राएरने इंजिने बाहेरून घेतली, बरेच भाग बाहेरून घेतले, पण आराखडा, त्याची चाचणी आणि प्रमाणपत्र या तीन गोष्टी स्वतःच्या मुठीत ठेवल्या. एअरबस-बोइंगच्या मोठ्या विमानांच्या वाटेला न जाता तिने लहान शहरांसाठी वीस, तीस, पन्नास, मग सत्तर ते शंभर आसनांची विमाने बनवली. नव्वदीच्या सुरुवातीला ती बुडायला आली, 1994मध्ये तिचे खाजगीकरण झाले, आणि तरीही ती टिकली, कारण तिच्या हातात विकण्यासारखा स्वतःचा आराखडा होता. 2024मध्ये तिने 73 प्रवासी विमाने दिली. एअरबसपुढे हा आकडा लहान आहे. पण एटीआरने त्याच वर्षी 35 दिली, म्हणजे छोट्या विमानांच्या जगात कोणाला किती जागा आहे ते त्यावरून दिसते.

आपल्याकडे या मधल्या काळात काय झाले? कानपूरला 1961पासून ब्रिटिश आराखड्याचे ॲव्हरो 748 विमान बनू लागले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरपर्यंत त्याची 89 विमाने झाली. जुळणी उत्तम होती, पण त्या विमानाचा पुढचा, सुधारलेला वंशज आपण रचला नाही. राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेचे चौदा आसनांचे सारस 2004मध्ये उडाले. 2009च्या मार्चमध्ये चाचणीच्या वेळी बंगळुराजवळ त्याचा अपघात झाला, वायुदलाचे तीन अधिकारी त्यात गेले आणि त्यानंतर कामाची गती हरवली ती हरवलीच. सत्तर ते नव्वद आसनांच्या भारतीय विमानाची चर्चा मी गेली पंधरा-अठरा वर्षे वाचतो आहे. दर काही वर्षांनी नवी समिती आणि नवे नाव येते, काम मात्र कागदावरून हलत नाही. एक अपघात किंवा एक अंदाजपत्रक यांच्या धक्क्याने जो प्रकल्प थांबतो, त्यात गुंतलेले तरुण अभियंते दुसरीकडे निघून जातात, आणि जपानमध्ये जे साठ वर्षांत झाले ते आपल्याकडे दर दहा वर्षांनी होते.

2025च्या ऑक्टोबरात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने रशियाच्या युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनशी एसजे-100 हे सुमारे शंभर आसनांचे विमान भारतात बनवण्याबाबत सामंजस्य करार केला. ॲव्हरोनंतर पूर्ण प्रवासी विमान बनवण्याची ही पहिली वेळ असेल, असे सांगितले गेले. या कराराकडे मी फार आशेने पाहू शकत नाही. रशियन कंपनीवर पाश्चात्त्य निर्बंध आहेत, विमानातले पाश्चात्त्य भाग काढून रशियन बसवण्याचे काम अजून पुरते स्थिरावलेले नाही, आणि युरोप-अमेरिकेचे प्रमाणपत्र नसलेले विमान भाडेपट्ट्याने देणाऱ्या कंपन्या विकत घेत नाहीत. भारतातली बहुतेक विमाने अशाच भाडेपट्ट्यावरची असल्याने या अडचणीला बगल देता येणार नाही. या करारातून आपल्याला आराखडा बदलण्याचा हक्क आणि प्रमाणनाचा प्रत्यक्ष अनुभव मिळणार असेल तर तो मोलाचा आहे. तो मिळणार नसेल, तर आपण कानपूरच्या ॲव्हरोचीच पुनरावृत्ती करू, आणि तीही अधिक प्रतिकूल काळात.

माझे म्हणणे असे की, येत्या दहा वर्षांत आपल्या मागणीचे वजन दोन ठिकाणी वापरले पाहिजे. पहिले ठिकाण इंजिन. पूर्ण इंजिन रचण्याचा आग्रह आज धरू नये. लढाऊ विमानासाठी हाती घेतलेल्या आणि रखडलेल्या कावेरी इंजिनाचा अनुभव ताजा आहे. पण ओतीव पाती, घडीव चकत्या आणि इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती ही कामे इथे आणता येतात. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने एकस्फटिकी पाती ओतण्याचे तंत्र बसवून 2021मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी साठ पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली, म्हणजे विद्या अगदीच परकी राहिलेली नाही. चाकणच्या जीई कारखान्यात 2015पासून लीप या प्रवासी विमानांच्या इंजिनासह अनेक जेट इंजिनांचे भाग बनतात; विक्रोळीत गोदरेज इंजिनांचे भाग बनवते; बेळगावच्या एकस कंपनीने विमानांच्या सुट्या भागांची अख्खी वसाहत उभी केली आहे. इंजिन बनवणाऱ्यांचा नफा विक्रीत फारसा नसतो, तो पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या सुट्या भागांत आणि दुरुस्तीत असतो. दीड हजार विमाने म्हणजे तीन हजारांहून अधिक इंजिने, आणि त्यांची दुरुस्ती कुठे होणार हा प्रश्न प्रत्येक जुळणी प्रकल्पापेक्षा मोठा आहे. सफ्रान या फ्रेंच कंपनीच्या लीप इंजिन-दुरुस्ती कार्यशाळेचे 2025च्या नोव्हेंबरात हैदराबादला उद्घाटन झाले, ही मला त्या वर्षातली विमानखरेदीच्या कुठल्याही बातमीपेक्षा महत्त्वाची बातमी वाटली.

दुसरे ठिकाण नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. मोठ्या प्रवासी विमानाचा मूळ आराखडा तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याचा प्रसंग या कार्यालयावर आजवर आलेला नाही. तिथे आराखडा तपासणारे अभियंते शंभरांनी हवेत, त्यांना उद्योगात मिळेल तेवढा पगार हवा, आणि युरोप-अमेरिकेच्या नियामकांकडे वर्षानुवर्षे काम करून शिकण्याची सोय हवी. याला कारखान्याच्या मानाने क्षुल्लक खर्च येतो. पण त्याची पायाभरणी होत नाही, फीत कापता येत नाही, म्हणून ते मागे राहते. त्याच्या जोडीला एकच छोटे विमान निवडून, सरकार बदलले तरी पंचवीस वर्षे त्याच्या पाठीशी उभे राहण्याचा निर्णय संसदेत घेतला जावा. उडान योजनेतली पहिली विमाने 2017च्या एप्रिलमध्ये नांदेडसारख्या ठिकाणी गेली. आज कोल्हापूर, जळगाव, अमरावती, सोलापूर या धावपट्ट्यांना जे विमान लागते ते जगात मोठ्या संख्येने बनवणारी कंपनी एकच उरली आहे. एम्ब्राएरला 1970च्या दशकात अशीच मोकळी जागा दिसली होती.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. शाळा आणि दवाखाने अपुरे असताना विमानांवर सरकारी पैसा का घालावा, हा पहिला, आणि तो मी गांभीर्याने घेतो. माझे उत्तर एवढेच की, आपण पैसा घालतच आहोत. विमान कंपन्यांचे भाडेपट्टे आणि दुरुस्तीची बिले डॉलरमध्ये जातात आणि ती तिकिटातून आपणच भरतो. दुसरा आक्षेप असा की, एअर इंडिया 2022मध्ये टाटांकडे गेल्यावर विमाने खरेदी करणाऱ्या सर्व मोठ्या कंपन्या खाजगी आहेत, त्यांच्या खरेदीला सरकार अटी कशा घालणार? थेट अटी घालता येणार नाहीत, हे खरे. पण सुट्या भागांवरचा कर, भाडेपट्ट्याचे कायदे, विमानतळांवरची जमीन आणि लष्कर, तटरक्षक दल यांची स्वतःची खरेदी ही सगळी साधने सरकारच्याच हाती आहेत. 2024च्या जुलैपासून विमानांच्या सर्व भागांवर 5 टक्क्यांचा एकच कर झाला तेव्हा दुरुस्तीचा धंदा इथे वळू लागला, हे त्याचे ताजे उदाहरण आहे.

अटींनी काय होते आणि किती काळ लागतो, हे पाहायला नागपूरला जावे. 2005-06मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या सरकारी कंपन्यांनी मिळून 111 विमाने घेतली, तेव्हा बोइंगने भारतात दुरुस्ती केंद्र बांधून द्यावे असे ठरले. ते नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात बांधले गेले. प्रत्यक्ष काम सुरू झाले 2015मध्ये, म्हणजे सुमारे नऊ वर्षांनी. त्याच मिहानमध्ये टाटांनी 787च्या जमिनीच्या तुळया बनवण्याचा कारखाना काढला, आणि दासो-रिलायन्सच्या कारखान्यात आता फाल्कन 2000 हे व्यावसायिक जेट विमान संपूर्ण जुळवण्याची तयारी चालली आहे. इंडिगोने पॅरिसला मागवलेली 500 विमाने 2030 ते 2035 या काळात यायची आहेत. आज ठरवलेल्या गोष्टी नागपूरच्याच वेगाने झाल्या तरी त्या विमानांची शेवटची तुकडी येईतो उभ्या राहिलेल्या असतील, आणि त्यांची इंजिने पहिल्या मोठ्या दुरुस्तीसाठी उतरतील ती त्यानंतर.